जोडीवाचून तालीम

'तालीम' हा शब्द मूळचा अरबी. शिक्षण, शिकवणूक हा त्याचा अर्थ. मराठीत आल्यावर त्याने एकापेक्षा अधिक बिऱ्हाडे थाटली. नाटक्यांनी तो घेतला आणि प्रयोगाआधीच्या सरावाला तालीम म्हटले. पहिलवानांनी तो घेतला आणि ज्या वास्तूत कुस्ती शिकायची त्या वास्तूलाच तालीम म्हटले. कोल्हापुराने त्याच्याही पुढे जाऊन पेठेला, पेठेतल्या मंडळाला आणि थेट फुटबॉलच्या संघालाही तालमीचे नाव दिले. पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा सामना म्हणजे काय, हे येथल्या शेंबड्या पोरालाही समजते. या सगळ्या अर्थांच्या मुळाशी एक गोष्ट सारखी आहे. तालीम एकट्याची होत नाही. नटाला समोर सहनट लागतो आणि पहिलवानाला जोड लागते. 'जोड' या शब्दाचा तालमीतला अर्थ कोशातल्या अर्थापेक्षा दाट आहे. रोज ज्याच्याशी लढायचे, ज्याच्या अंगावर आपले अंग घडवायचे, तो जोडीदार.

आम्ही दोघे, पती-पत्नी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवतो. खेळाशी आमचा संबंध प्रेक्षकाचा, तोही बेताचाच. परंतु या भागात मराठीच्या वर्गात शेवटच्या बाकावर मोडक्या कानांची चारदोन मुले असतातच. पहाटेची मेहनत आटोपून ती येतात, पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवण्याची शर्थ करतात आणि दुसऱ्या तासाला ती शर्थ सोडून देतात. मार्च २०२० नंतरच्या दोन वर्षांत या मुलांचे काय झाले, ते आम्ही जवळून पाहिले. महामारीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पायी गावी निघालेल्या मजुरांवर, डॉक्टर-परिचारिकांवर, मोबाइलच्या पडद्यावरच्या शाळेवर लिहिले गेले, आणि ते लिहिले जायलाच हवे होते. ज्याचे भांडवलच त्याचे शरीर आहे, त्या खेळाडूवर मात्र फारसे लिहिले गेले नाही. टोकियो ऑलिंपिक २४ मार्च २०२० रोजी वर्षभर पुढे ढकलले गेले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांतून खेळाडूंच्या तंदुरुस्तीची चर्चा झाली. ती चर्चा ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर असलेल्यांची होती. त्या उंबरठ्यापासून शेकडो पायऱ्या खाली, गावच्या जत्रेत नारळावरची कुस्ती करून वर चढू पाहणाऱ्या मुलाचा त्या चर्चेत उल्लेख नव्हता.

तारखांचा एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च २०२०. त्या दिवशी गुढीपाडवा होता. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी रात्री आठपासून राज्यात 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध सुरू झाले. तिसऱ्या वर्षी, २ एप्रिल २०२२ रोजी, पाडव्याच्याच मुहूर्तावर राज्य सरकारने उरलेसुरले निर्बंध उठवले. ज्यांना कुस्तीचे वर्ष ठाऊक आहे, त्यांना या तीन पाडव्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. सुगी संपते, ऊस कारखान्याला गेलेला असतो, हातात चार पैसे असतात आणि माघापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा भरतात. जत्रा म्हटली की मैदान आले. चैत्र हा या हंगामाचा ऐन भर. आठ-नऊ महिने तालमीत गाळलेल्या घामाचे मोल याच दिवसांत हाती पडते. जोतिबाची चैत्र यात्रा ही आमच्याकडची सर्वांत मोठी. तीही २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे नेहमीसारखी भरली नाही. निर्बंध आले ते पहिलवानाच्या कॅलेंडरातल्या नेमक्या या पानावर, आणि तेही सलग दोनदा.

नुकसान नेमके कशाचे झाले, हे समजण्यासाठी तालमीतला दिवस थोडा पाहायला हवा. पहाटे चारच्या सुमारास पोरे उठतात. फावड्याने हौदातली माती खणतात, उलथतात, सारखी करतात. ती माती खणणे हाच एक व्यायाम असतो. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते. मग जोर, बैठका, सपाटे, दोर चढणे. यानंतर खरी गोष्ट सुरू होते. वस्ताद जोड्या लावून देतात आणि लढती चालू होतात. एकेरी पट काढणे, ढाक लावणे, घिस्सा मारणे, समोरच्याच्या मानेवर हात टाकून त्याचा तोल चाचपणे. हे सारे डाव पुस्तकातून किंवा चित्रफितीतून माहीत होऊ शकतात, पण अंगात भिनत नाहीत. समोरच्याचे वजन केव्हा उजव्या पायावर जाते, हे तळहाताला समजावे लागते. ते समजण्यासाठी हजारो वेळा दुसऱ्याच्या घामट खांद्यावर हात पडावा लागतो. पहिलवान ज्याला 'दम' म्हणतात, तो केवळ फुप्फुसांचा गुण नव्हे. दुसरा माणूस सर्व ताकदीनिशी तुम्हाला दाबत असताना श्वास सांभाळणे, म्हणजे दम. तो एकट्याने धावून वाढवता येतो, तो काही अंशीच.

आणि महामारीने बंदी घातली ती नेमकी स्पर्शावर.

मे २०२० मध्ये राज्य सरकारने निर्बंध काहीसे सैल केले. रेड झोनबाहेर मैदाने आणि मोकळ्या जागा वैयक्तिक व्यायामासाठी खुल्या झाल्या. प्रेक्षक आणि सामूहिक हालचाली यांना मनाई राहिली, बंदिस्त जागेतला व्यायामही बंदच राहिला. आदेशातली 'वैयक्तिक व्यायाम' ही शब्दयोजना भाषेच्या शिक्षकांना थबकायला लावणारी आहे. व्यायाम हा व्यक्तीचा असतो, शरीर ज्याचे त्याचे असते आणि तंदुरुस्ती ही जिची तिने आपापल्या घरी राखायची वस्तू आहे, असे त्यात गृहीत आहे. धावपटूच्या बाबतीत ते पुष्कळसे खरे असेल. मल्लाच्या बाबतीत त्या दोन शब्दांचा मेळच बसत नाही.

शरीरशास्त्राने या प्रश्नाचा अभ्यास महामारीच्या फार आधी केला आहे. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. दीर्घ पल्ल्याचा सराव असलेल्या सात जणांचा व्यायाम त्यांनी ८४ दिवस थांबवला आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वेळोवेळी मोजली. पहिल्या २१ दिवसांत ती ७ टक्क्यांनी उतरली आणि ५६ दिवसांपर्यंत १६ टक्क्यांनी. पुढे ती स्थिरावली. हृदय दर ठोक्याला जेवढे रक्त फेकते ते प्रमाण आधी घटते, रक्तातला द्रवभाग कमी होतो, म्हणून पहिली घसरण एवढी वेगाची असते. स्नायूंची नुसती ताकद त्या मानाने चिवट. ती काही आठवडे टिकून राहते. म्हणजे सराव सुटलेल्या खेळाडूला आरशात आपण पूर्वीसारखेच दिसतो, जोरही पूर्वीइतकेच निघतात. उणीव कळते ती झुंजीच्या तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला.

हे शास्त्र आमच्या एका विद्यार्थ्याने टाळेबंदीच्या तिसऱ्या महिन्यात फोनवर एका वाक्यात सांगितले होते. आम्ही त्याला स्वाध्यायाविषयी विचारत होतो, तो स्वाध्यायाचे सोडून म्हणाला, "सर, अंग घट हाय, पर दम न्हाई ऱ्हायला. समोर गडीच न्हाई तर दम कुनावर काढायचा?" तालीम बंद झाल्यावर तो गावी परतला होता. गोठ्यापुढच्या अंगणात जोर-बैठका, बांधावरून धावणे, विहिरीत पोहणे, उसाला पाणी पाजणे असा त्याचा दिवस होता. कष्टात कसूर नव्हती. पुढे त्याने रानाच्या कडेला हातभर खोल खड्डा खणला, त्यात माती चाळून टाकली आणि धाकट्या भावाला समोर उभे केले. भाऊ त्याच्या निम्म्या वजनाचा. दोन दिवसांत भावाचा खांदा दुखावला आणि आईने तो खड्डा बुजवायला लावला. जोड ही सारख्याला सारखी लागते. ती घरोघर मिळत नाही, म्हणून तर तालमी झाल्या.

शरीराची दुसरी बाजू खुराकाची. तूप, दूध, बदाम, अंडी, मटण, थंडाई यांचा खर्च शेतकरी कुटुंबाला एरवीही जड जातो. तो भागतो कसा? काही घरचे दूध, काही वस्तादांचा आधार, आणि मोठा भाग मैदानातल्या इनामाचा. म्हणजे एका हंगामाच्या कुस्त्या पुढच्या वर्षीचा खुराक मिळवून देतात आणि तो खुराक त्यापुढच्या कुस्त्या. हे चक्र २०२० च्या पाडव्याला थांबले. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दुधाच्या पडलेल्या दरासाठी राज्यात आंदोलने झाली, हे वाचकांना आठवत असेल. ज्या घराचा रोकड पैसा दुधातून येतो, त्या घरात दर पडल्यावर पोराच्या वाट्याचे दूधही डेअरीत जाते. काही मुलांची वजने उतरली. काहींची उलट वाढली. पहिलवानाची भूक सरावाबरोबर बंद होत नाही आणि खुराकाची जागा भात-भाकरीने घेतली, की अंगावर चढते ते मांस निराळे. वजनगटात लढणाऱ्याला दोन्ही सारखेच मारक.

मुलींची गोष्ट याहून अवघड होती. आमच्यापैकी वर्गशिक्षिका जी आहे, तिच्याकडे तीन मुली कुस्ती खेळणाऱ्या होत्या. मुलगा घरी परतला तर त्याला शेतात राबावे लागले, तरी मोकळी हवा, धावायला बांध आणि 'पैलवान' ही ओळख त्याच्याकडे उरली. मुलगी घरी परतली ती चुलीपाशी. पहाटे रस्त्यावर एकटीने धावण्यास गाव नापसंती दाखवते. तालमीत असताना ती पाहायला गाव तेथे नसते, एवढाच फरक. तिघींपैकी एकीचे लग्न २०२१ च्या उन्हाळ्यात मोजक्या वऱ्हाडींत उरकले. माणसे मोजकी म्हणून खर्च कमी, हा हिशेब त्या दोन वर्षांत पुष्कळ घरांनी केला. तिने फोन केला तो लग्नानंतर. "मॅडम, स्पर्धा सुरू झाल्या की कळवा हं," एवढेच म्हणाली. मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली, तेव्हा आम्ही तिला कळवले. तिने अभिनंदनाचा नव्हे, नुसता हात जोडल्याचा संदेश पाठवला. तिच्या तंदुरुस्तीत किती टक्के घट झाली, हे कोणत्या यंत्रावर मोजायचे?

यावर कोणी म्हणेल, मग काय तालमी उघड्या ठेवायच्या होत्या? नाही. तालीम म्हणजे जाड भिंतींची, बहुधा लहान खिडक्यांची, ठेंगण्या दाराची जागा. दहावीस जणांचे श्वास आणि घाम तेथे एक होतात. विषाणूला याहून सोयीची जागा मिळणार नाही. दुसऱ्या लाटेत आमच्या जिल्ह्याने जे भोगले ते आठवले, की तालमी बंद ठेवणाऱ्यांना दोष द्यायला जीभ रेटत नाही. मल्लांचे वस्ताद वयस्क असतात. त्यांना जपणे हेही तालमीचेच कर्तव्य होते. आमचा आक्षेप बंदीला नाही. बंदी उठवताना लावलेल्या क्रमाला आहे. महाराष्ट्रात उपाहारगृहे आणि मद्यालये ५ ऑक्टोबर २०२० रोजी निम्म्या क्षमतेने उघडली. व्यायामशाळा उघडल्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. त्यांच्या नियमावलीत यंत्रे पुसण्याचे, अंतर राखण्याचे सांगितले होते. ती शहरी जिम डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली होती. ज्या जागेत एकच यंत्र असते आणि ते म्हणजे दुसरा माणूस, त्या जागेचे काय करायचे, हे तीत कोठे सापडत नव्हते. ऑलिंपिकची तयारी करणाऱ्या मल्लांसाठी तपासणी, विलगीकरण आणि बंदिस्त शिबिर असा मार्ग काढण्यात आला. अडचणी त्यातही आल्या, पण मार्ग निघाला. रवी दहियाचे रौप्य आणि बजरंग पुनियाचे कांस्य ही २०२१ च्या टोकियोतली पदके त्या मार्गावरूनच आली. तोच विचार लहान प्रमाणात, चारसहा मुलांच्या निवासी गटापुरता, जिल्ह्याच्या पातळीवर करता आला असता की नाही, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारल्याचे आमच्या कानांवर आले नाही.

तालमी पुन्हा गजबजल्या तेव्हा नवे संकट उभे राहिले. उतरलेला दम घेऊन मुले जुन्या वेगाने लढू लागली. स्नायू लवकर सावरतात. त्यांना हाडांशी बांधणारे कंडरे सावकाश. मन तर आदल्या हंगामातच असते. गुडघे आणि खांदे दुखावलेली मुले त्या काळात वर्गात दिसू लागली, आणि कधी नव्हे ती पहिल्या तासालाही जागी असत. ज्यांना स्वतःला करोना होऊन गेला होता, त्यांनी हृदयाची काळजी घेत टप्प्याटप्प्याने सरावाकडे परतावे, असा वैद्यकाचा सल्ला होता. पण 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द ज्याच्या हातून दोन हंगाम गेले आहेत, त्याला कसा पटावा? युरोपात फुटबॉल पुन्हा सुरू होताना सामन्यात तीनऐवजी पाच बदली खेळाडू उतरवण्याची मुभा मे २०२० मध्येच देण्यात आली. थकलेल्या शरीरांची ती जाण होती. जत्रेतल्या फडात बदली खेळाडू नसतो.

महाराष्ट्र केसरीचेच पाहा. जानेवारी २०२० मध्ये पुण्याजवळ बालेवाडीत हर्षवर्धन सदगीरने शैलेश शेळकेला हरवून गदा मिळवली. दोघेही काका पवार यांचे पठ्ठे. एकाच तालमीत एकमेकांच्या अंगावर घडलेले. जोड म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण नसेल. त्यानंतरची स्पर्धा झाली ती थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला, निर्बंध उठल्यावर आठवडाभरात. ९ एप्रिलला कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने ती जिंकली आणि दोन दशकांनी गदा या जिल्ह्यात आली. आमच्याकडे फटाके वाजले, ते योग्यच होते. पृथ्वीराज त्यावेळी वीस वर्षांच्या आसपासचा. ज्यांची विशी २०२० मध्ये संपत आली होती, ज्यांच्या शरीराने त्या दोन वर्षांतच कळस गाठायचा होता, ते त्या दिवशी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होते.

तंदुरुस्ती परत येते, हे शास्त्र सांगते आणि आम्हीही पाहिले. सहाआठ महिने नीट मेहनत केली, की दम भरून येतो. वय मात्र परत येत नाही. कुस्तीत सतरा वर्षांखालील गट आहे, वीस वर्षांखालील आहे. त्या दारातून पुढे गेलेल्याला मागे फिरता येत नाही. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वरला झाली आणि दुसरी एप्रिल २०२२ मध्ये बंगळुरूला. आमची पदवी तीन वर्षांची. जून २०१९ मध्ये प्रवेश घेतलेला मुलगा २०२२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला, त्याच्या वाट्याला खेळाडू म्हणून पुरते वर्ष एकच आले. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी स्पर्धा लागते. फोनवर दमाविषयी बोललेला आमचा तो विद्यार्थी आज एका दूध संस्थेच्या टँकरवर चालक आहे. त्याची शरीरयष्टी अजूनही पाहत राहावी अशी आहे. कुस्तीविषयी विचारले तर तो म्हणतो, "दम आला सर परत. पर कागद कुठनं आणू?"

म्हणून आम्हाला वाटते, की खेळाडूच्या तंदुरुस्तीवर निर्बंधांचा परिणाम मोजताना केवळ नाडी, वजन आणि प्राणवायूचे आकडे मांडून भागणार नाही. तंदुरुस्ती ही एका शरीरात राहत असली, तरी ती घडते आणि टिकते अनेकांच्या मिळून: जोडीदाराच्या, वस्तादांच्या, दूध घालणाऱ्या घराच्या, इनाम लावणाऱ्या गावाच्या. यातला एकेक धागा तोडून मग शरीराला 'घरच्या घरी स्वतःला राख' म्हणणे, म्हणजे नटाला आरशासमोर एकट्याने नाटक बसवायला सांगणे होय. महामाऱ्या पुन्हा येतील. पुराने आणि इतर कारणांनीही तालमी बंद पडतील. २०१९ आणि २०२१ चे पूर आम्ही पाहिलेच आहेत. तेव्हा निदान तीन गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्यात: लहान निवासी गटांना जोडीने सराव करता येईल अशी जिल्हा पातळीवरची सोय, मैदाने बंद असतील त्या हंगामात खुराकापुरती मदत, आणि वाया गेलेल्या वर्षांइतकी वयोगटात व नोकरीच्या वयोमर्यादेत सूट. यातली शेवटची तर केवळ कागदावरची बाब आहे.

मोडक्या कानांची मुले अजूनही शेवटच्या बाकावर येऊन बसतात. ही पुढची पिढी. टाळेबंदीत ती शाळेत होती आणि तिला ते दिवस सुट्टीसारखे आठवतात. त्यांना शिकवताना, मधल्या इयत्तेतल्या ज्या मुलांचे नाव कोणत्याच फलकावर लागले नाही, ती आम्हाला आठवतात. ती मुले हरली नव्हती. त्यांची कुस्ती लागलीच नाही.